टोपलीचा बांबू, नदीकाठचा वाळुंज आणि बांधावरची निरगुडी: वाचकांचे प्रश्न

सुपा-टोपल्यांना लागणारा बांबू आणि फोक (विणायच्या सरळ, लवचीक फांद्या) आपल्याच शेतात कसा वाढवायचा, यावर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेली पत्रे या वेळी घेतली आहेत. बऱ्याच पत्रांत पहिलाच प्रश्न होता, 'एकरी किती टन?' टन हे माप बांबू जाळणाऱ्याच्या नाहीतर लगदा करणाऱ्याच्या कामाचे. टोपल्या विणणारा बुरूड टन विचारत नाही. पेर (दोन गाठींमधला भाग) किती लांब, काठी किती सालाची, कधी तोडली, एवढे तो बघतो. खालची उत्तरे त्याच्या नजरेने दिली आहेत.

बांधावर काटेरी कळकाची, म्हणजे काटेरी बांबूची, जुनी बेटे आहेत. टोपल्यांसाठी तीच वाढवावीत की माणगा लावावा? रोपवाटिकेत 'मेस' म्हणून देतात ते नेमके काय? (आजरा)

आधी नावांचा घोळ. मेस, चिवा, माणगा ही बांबूंची नावे दर दहा मैलांवर बदलतात. एका गावचा मेस दुसऱ्या गावात निराळ्याच जातीचा निघतो. म्हणून रोप घेताना नावावर जाऊ नका, ज्या बेटातून ते आले ते बेट दाखवायला सांगा. काटे आहेत का, पेर किती लांब आहे, काठी पोकळ की भरीव, बेट मोकळे की दाटलेले, या चार गोष्टी पाहिल्या की पुरे.

कळकाची पट्टी वाईट नसते. अडचण तोडणीची आहे. खालच्या गाठींपासूनच काटेरी फांद्या फुटतात, एकमेकींत गुंततात आणि एक काठी ओढून काढायला दोन माणसांची सकाळ जाते. आहे ते बेट उपटू नका. जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीपासून दीड-दोन मीटरपर्यंतच्या काटेरी फांद्या आकड्याने छाटून काढा, म्हणजे पुढच्या वर्षी आत हात जाईल. नवीन लागवड मात्र कळकाची करू नका.

आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा या पावसाच्या पट्ट्यात माणगा उत्तम. काटा नाही, काठी सरळ, बेट मोकळे राहते. उंची साधारण ८-९ मीटर, जाडी अडीच ते चार सेंटिमीटर. बुंध्याकडचा भाग जवळजवळ भरीव आणि वर जाईल तशी पोकळी वाढते. याचा फायदा असा की एकाच काठीतून दोन कामे निघतात: बुंध्याच्या भागातून टोपलीचा काठ, हाऱ्याच्या कड्या, कुदळ-खुरप्याचे दांडे, आणि मधल्या भागातून विणायची पट्टी. शेंडा मांडवाला किंवा वेलभाजीच्या आधाराला जातो.

पूर्वेकडच्या कोरड्या माळावर माणग्यापेक्षा मानवेल टिकतो. त्याची गाठ मात्र फुगीर असते, काठी थोडी वाकडी आणि बेट फार दाटते, त्यामुळे दरवर्षी साफसफाई चुकत नाही. सध्या गाजत असलेला जाड बाल्कोवा बांधकामाला चांगला. सूप विणणाऱ्याला त्याची शिफारस आम्ही करणार नाही.

माणग्याचे बी कुठे मिळेल? (राधानगरी)

मिळणार नाही. माणग्याला तुरळक फुले येतात, पण बी धरत नाही. त्यामुळे रोप करायचे ते कंदापासून (काठीच्या बुडाचा जमिनीखालचा गड्डा) किंवा काठीच्या तुकड्यापासून.

कंदाची पद्धत खात्रीची. एप्रिल-मे महिन्यात बेटाच्या बाहेरच्या बाजूची गेल्या पावसात आलेली काठी निवडा. जुन्या काठीच्या कंदावरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) वापरून संपलेले असतात, ते लावले तर हिरवे राहते पण कोंब देत नाही. काठी जमिनीपासून एक-सव्वा मीटरवर तिरकी छाटा, तीन-चार गाठी राहू द्या. मग भोवतीची माती काढून कंद जिथे आईच्या कंदाला जोडलेला असतो ती अरुंद मान शोधा आणि तिथेच धारदार पहारीने एका घावात तोडा. वेड्यावाकड्या घावांनी डोळे चेचले की कंद कुजतो. छाटलेल्या टोकाला शेणमातीचा लेप द्या, कंद ओल्या पोत्यात गुंडाळा आणि दोन-तीन दिवसांत लावा. एका बेटातून वर्षाला एक-दोनच कंद काढावेत, कारण प्रत्येक कंदामागे बेटाची पुढची एक पिढी जाते.

शंभर-दोनशे रोपे हवी असतील तर काठीचे तुकडे करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दीड-दोन वर्षांची काठी घ्या. दोन गाठी आणि मध्ये एक पूर्ण पेर असा तुकडा कापा, दोन्ही गाठींच्या बाहेर पाच-पाच सेंटिमीटर सोडा. फांद्या डोळ्याला धक्का न लावता आखूड करा. पेराच्या मधोमध बोट जाईल एवढे भोक पाडा, त्यातून पेरात पाणी भरा आणि भोक प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. भरीव भागात पोकळी नसते, म्हणून हे तुकडे मधल्या भागाचेच घ्यावेत. गादीवाफ्यावर तुकडा आडवा ठेवायचा, भोक वर, डोळे दोन्ही बाजूंना. वर पाच-सहा सेंटिमीटर माती, सावली आणि रोज झारीने पाणी.

इथे एक फसगत ठरलेली आहे. तीन-चार आठवड्यांत हिरवे कोंब येतात, लोक खूश होतात आणि उचलून पिशवीत भरतात. तो कोंब काठीतल्या साठ्यावर आलेला असतो, मुळे अजून फुटलेलीच नसतात. दोन-तीन महिने थांबा. कोंबाच्या बुडाशी मुळे धरून दुसरा, पहिल्यापेक्षा जाड कोंब आला की मगच तुकडा मधोमध कापून दोन रोपे वेगळी करा.

खड्डा, अंतर, पाणी? (पन्हाळा)

माणग्याला ४ बाय ४ मीटर ठेवा, एकरी साधारण २५० रोपे बसतात. ३ बाय ३ केले तर ४५० बसतात, पण पाचव्या-सहाव्या वर्षी आत शिरून काठी ओढायला जागा राहत नाही. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात तापू द्यावा. भरताना वरची माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत. लागवड मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी रोपामागे १५-२० लिटर पाणी हवेच, पुढे पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसावर भागते. दोन वर्षे मधल्या पट्ट्यात नाचणी, भुईमूग, हळद घ्या.

आणि गळलेला पाला पेटवू नका. बांबूच्या पाल्यात सिलिका भरपूर असते आणि ती बेटालाच परत हवी असते. दर मे महिन्यात बुडाशी घमेलेभर शेणखत आणि मातीची भर द्यावी. कंद दरवर्षी थोडा वर सरकतो, उघडा पडला की कोंब बारीक येतात.

शिरोळ तालुक्यात उसाने क्षारपड झालेली दोन एकर आहे. तिथे बांबू येईल का?

उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसत असेल तर आत्ता लावू नका. बांबूला ओल आवडते, साचलेले पाणी आणि मीठ आवडत नाही. आधी निचऱ्याचे चर काढा, एक-दोन पावसाळे क्षार धुऊन जाऊ द्या, हिरवळीसाठी ताग किंवा धैंचा घ्या. मग बांधाच्या उंच कडेला दहा-वीस रोपे लावून दोन उन्हाळे पाहा. पुराचे पाणी चार-पाच दिवस उभे राहिले तर मोठे बेट सहन करते. लहान रोपे गाळाखाली जातात.

कोणती काठी, कधी आणि कशी तोडायची? आमच्याकडे अमावास्येलाच तोडतात. (भुदरगड)

सगळे यातच आहे, म्हणून सविस्तर.

बांबूची काठी झाडाच्या खोडासारखी दरवर्षी जाड होत नाही. कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा त्याची जी जाडी असते तीच शेवटपर्यंत. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर फक्त आतून घट्ट होत जातो. म्हणून 'अजून वाढू दे' म्हणत पाच-सहा वर्षे ठेवलेली काठी बुरडाच्या कामाची राहत नाही. ती वाळकी, ठिसूळ होते, पट्टी वाकवताच तडकते. उलट चार-सहा महिन्यांची काठी फार कोवळी. तिची पट्टी सुंदर सुटते, पण वाळताना आक्रसते आणि टोपली सैल पडते.

विणायच्या पट्टीला एक वर्ष पूर्ण ते दोन वर्षांची काठी. टोपलीचा काठ, उभ्या जाड कामट्या, तट्ट्याच्या चौकटी यांना तीन वर्षांची.

वय कसे ओळखावे? पहिल्या सालच्या काठीवर पांढरट भुकटी असते आणि पेरांवर तपकिरी आवरणे चिकटलेली दिसतात. दुसऱ्या साली आवरणे गळतात, काठी स्वच्छ गर्द हिरवी होते. तिसऱ्या सालापासून हिरवा रंग उतरतो, गाठीपाशी शेवाळाचे, बुरशीचे पांढरे-करडे डाग येतात. पण बेट दाट असेल तर जाणत्याचाही अंदाज चुकतो. सोपा उपाय रंगाचा: दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्या पावसात आलेल्या सगळ्या काठ्यांवर छातीच्या उंचीला ऑइल पेंटचा एक पट्टा ओढा. या वर्षी पिवळा, पुढच्या वर्षी लाल, त्यानंतर निळा. चौथ्या वर्षी पुन्हा पिवळा, कारण तोपर्यंत पहिल्या पिवळ्या बहुतेक काठ्या तोडून झालेल्या असतात. डबाभर रंगात अख्ख्या बेटाचे जन्मदाखले तयार.

तोडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर कोयता बेटात नेऊ नये. त्या काळात काठीतला साठा कोंबांना चाललेला असतो, कोंब पायाखाली मोडतात आणि रसरशीत काठीला बुरशी लवकर लागते. मार्चनंतर पुढच्या कोंबांसाठी काठीत पिष्ट (स्टार्च) साठू लागते, आणि टोपलीतून पीठ पाडणारा भुंगा त्या पिष्टावरच जगतो.

अमावास्येबद्दल आमचे मत असे: अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायला हरकत काहीच नाही. पण काठीचे वय आणि महिना या दोन गोष्टी बरोबर असतील तर तिथीने फारसा फरक पडत नाही, आणि त्या चुकल्या तर अमावास्या वाचवत नाही. जूनमधल्या अमावास्येला तोडलेला बांबू भुंगा खातोच.

आता हात कसा चालवायचा. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगेच वर, धारदार कोयत्याने किंवा करवतीने. गाठीच्या वर चार बोटे सोडून तोडले तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचते आणि कुज कंदात उतरते. कमरेएवढ्या उंचीवर तोडणे हा आळस. त्यात काठीचा सर्वांत चांगला भाग वाया जातो आणि पुढच्या वर्षी त्या खुंटांच्या जंगलात पाय ठेवता येत नाही.

नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाने येतात, जुन्या काठ्या मध्यभागी राहतात. सोपे म्हणून बाहेरच्या तोडल्या तर बेट उलटे चालते आणि मधल्या म्हाताऱ्या काठ्यांचा गठ्ठा होतो. एका बाजूने वाट पाडून आत शिरा आणि आतल्या काढा. वरून पाहिले तर बेट घोड्याच्या नालेसारखे दिसायला हवे. हिशेब असा ठेवा: गेल्या पावसात जितके कोंब काठ्या होऊन टिकले, तितक्याच काठ्या यंदा काढायच्या, त्याहून एकही जास्त नाही. बेटात किमान सात-आठ काठ्या कायम उभ्या हव्यात आणि गेल्या पावसातल्या सगळ्या राखायच्या. माणग्याची पहिली तोडणी चौथ्या-पाचव्या वर्षी. अधीर होऊन तिसऱ्या वर्षी बोटाएवढ्या काठ्या तोडल्या की बेट तेवढ्याच जाडीवर अडते.

तोडलेली काठी त्याच दिवशी सावलीत न्या. हिरवी असतानाच सोलायची. लगेच सोलणे होणार नसेल तर बुंधे पाण्यात आणि वर ओले पोते, असे आठ-दहा दिवस काम देते.

शेजारी म्हणतो, बांबू माझ्या उसात घुसेल. (शाहूवाडी)

आपल्याकडचे माणगा, मानवेल, कळक हे सगळे बेट करून वाढणारे. जमिनीखालून लांब धावत जाऊन दहा फुटांवर उगवणारे बांबू वेगळे, ते बहुतेक थंड देशांत होतात. सावली आणि तंतुमुळांची ओढ मात्र खरी आहे. बांधापासून तीन-चार मीटर आत लावा आणि शेजाऱ्याच्या बाजूला दोन फूट खोल चर ठेवा. दर दोन वर्षांनी तो चर साफ केला की मुळे पलीकडे जात नाहीत.

काश्मीरमध्ये विलोच्या फांद्यांच्या सुंदर टोपल्या पाहिल्या. पंचगंगेकाठी विलो लावता येईल का? (करवीर)

काश्मिरात गांदरबल भागात ज्या विलोपासून कांगडीची (निखाऱ्यांच्या हातशेगडीची) वेष्टने आणि टोपल्या होतात, तो थंडीत पूर्ण झोपी जाणारा. त्याची रीत अशी: हात-पाऊण हात लांबीच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या जमिनीत खोचायच्या, दाट, म्हणजे ओळीत फुटाफुटावर. दाट लावल्यामुळे फोक प्रकाशाकडे सरळ जातो, बाजूला फांदी फुटत नाही. दरवर्षी पान गळले की सगळे फोक बुडापासून कापायचे आणि वसंतात बुंध्यातून पुन्हा नवे. कापलेले फोक मोठ्या कढईत उकळतात, गरम असतानाच साल ओढून काढतात. उकळताना सालीतला रंग लाकडात उतरतो, म्हणून तो बदामी दिसतो. सालीसकट वाळवलेला फोक पुन्हा लवचीक करायला फूटभर लांबीला एक दिवस या हिशेबाने गार पाण्यात ठेवावा लागतो, तर सोललेल्याला तास-दोन तास पुरतात.

या सगळ्याचा पाया कडाक्याची थंडी हा आहे. कोल्हापुरात जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा १० अंशांखाली जात नाही. तो विलो इथे ना धड झोपतो ना धड वाढतो, वेळीअवेळी फुटतो आणि फोकाला फांद्या येतात. तेव्हा त्या कांड्या मागवू नका.

पण विलोचा सख्खा भाऊ आपल्या दारातच आहे. कृष्णा, पंचगंगेच्या काठाने दिसणारा वाळुंज हा विलोच्याच कुळातला. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, खालून पांढुरके. त्याच्या फांद्यांच्या टोपल्या करायची रीत जुनी आहे. फोक काश्मिरी विलोइतका एकसारखा नसतो, म्हणून बारीक नक्षीच्या विणीला घेऊ नका. पाटी, डालगे, खुराडे अशा जाड कामाला घ्या.

लावायचा असेल तर तुमच्या मळ्याच्या ओघळीला, पाटाच्या तोंडाला, जिथे वर्षभर ओल असते तिथे. जूनमध्ये अंगठ्याएवढी जाड, चार-पाच फूट लांब काठी घेऊन एक तृतीयांश जमिनीत खोचा, डोळ्यांची दिशा वर. उलटी खोचलेली काठी फुटते पण जोर धरत नाही. दोन वर्षांनी बुंधा डोक्याच्या उंचीला छाटा, जमिनीलगत नको, कारण कोवळा पाला म्हशी आणि शेळ्या आवडीने खातात. छाटलेल्या डोक्यातून दरवर्षी फोकांचा झुपका येतो. पान गळून नवी पालवी फुटण्याच्या आधी तो कापायचा. इथे कॅलेंडर न बघता झाड बघा. नदीकाठचे उभे वाळुंज मात्र तोडू नका, पुरात काठाची माती त्यांनीच धरलेली असते.

निरगुडीच्या फोकाची कणगी घरी आहे. असा फोक आता मिळत नाही. काय करावे? (गडहिंग्लज)

मिळत नाही कारण कोणी कापत नाही. न कापलेली निरगुडी झुडूप होते, तिच्या फांद्या वाकड्या आणि फाटे फुटलेल्या. दरवर्षी जानेवारीत बुडापासून वीतभर ठेवून कापली की दुसऱ्या पावसाळ्यापासून सरळ फोक येऊ लागतात. नवीन कुंपण करायचे तर जूनमध्ये वीतभराच्या कांड्या दीड-दोन फुटांवर लावा. जनावर तोंड लावत नाही, त्यामुळे राखण नको.

फोक कापल्यावर पाला ओरबाडून दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग विणा. ताजा विणला तर नंतर आक्रसून भोके पडतात, आठवडा गेला तर मोडतो. कणगीला उभे फोक अंगठ्याएवढे, आडवे करंगळीएवढे. आतून-बाहेरून शेणमातीने लिंपली की धान्याला तयार. पाला टाकू नका, वाळवून धान्याच्या थरांत घाला.

तुराट्यांच्या पाट्याही याच हंगामात होतात. तूर काढल्यावर पहिल्या आठवड्यात, काडी अर्धवट ओली असतानाच. त्या पाट्या वर्ष-दीड वर्षच टिकतात, पण शेण-माती वाहायला तेवढे बस.

मी शिकतो आहे. पट्टी काढताना एका बाजूला पातळ होत तुटते, आणि टोपलीची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखीच येते, वीण धरतच नाही. (कोल्हापूर शहर)

दोन्ही चुका हिशेबाच्या आहेत, हाताच्या नाहीत.

चीर नेहमी पातळ बाजूकडे पळते. म्हणून काठी अर्धी, अर्ध्याची अर्धी, अशी दरवेळी सम भागांतच चिरायची. एका कडेने एक-एक पट्टी सोलू नये. तरी चीर सरकू लागली तर जाड बाजूचा भाग जास्त वाकवा, चीर परत मध्यावर येते. सुरी फक्त वाट दाखवते, फाडायचे काम हाताच्या वाकवण्याने होते. सालीकडचा हिरवा भाग विणीला ठेवा. पोटाकडचा पांढरा भाग ठिसूळ असतो, तो सरपणाला किंवा फार तर तट्ट्याच्या भरीला. विणायची पट्टी सहा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड, उभ्या कामट्या दुप्पट जाड. तयार पट्टी अंगठ्याभोवती गुंडाळून पाहा. कट्‌ आवाज आला तर काठी जुनी किंवा पट्टी जाड.

फेरीचे म्हणाल तर तुमच्या उभ्या टोकांची संख्या सम आहे. तळाला चार आडव्या आणि चार उभ्या कामट्या टाकल्या की टोके होतात सोळा. एकच पट्टी एकीवरून, एकीखालून फिरवली तर सोळाव्यानंतर ती पुन्हा पहिल्या फेरीच्याच जागी जाते. एक टोक मधोमध चिरून दोन करा, सतरा झाली, आता प्रत्येक फेरी आपोआप उलटी पडते. नाहीतर दोन पट्ट्या एकाच वेळी घेऊन फिरवा.

सामानाचा अंदाजही सांगून ठेवतो. तोंड फूटभर आणि उंची पंधरा सेंटिमीटर, अशा टोपलीला सहा मिलिमीटर पट्टीच्या २५ फेऱ्या. तळ अरुंद असल्याने सरासरी फेरी ८० सेंटिमीटर धरली तर २० मीटर पट्टी, जोडांसकट २२. तीन सेंटिमीटर जाड काठीचा घेर साडेनऊ सेंटिमीटर, त्यात चिरण्याची घट धरून बारा पट्ट्या. कामाचे सहा मीटर घेतले तर ७२ मीटर होतात, पण गाठीवर तुटणाऱ्या, वाकड्या निघणाऱ्या वजा जाता ४५-५० हातात येतात. म्हणजे एका काठीत दोन टोपल्या. शिकताना एकच धरा. हात बसलेला बुरूड कसा काम करतो ते पाहायचे असेल तर बुरूड गल्लीत जाऊन तासभर बसा, पण त्याची सुरी हातात मागू नका.

नव्या टोपलीतून पिवळे पीठ पडते. काहींवर पावसाळ्यात काळी बुरशी येते. (कागल)

पीठ म्हणजे भुंगा. तो बांबूतल्या पिष्टासाठी येतो, त्यामुळे उपायही पिष्ट काढून टाकण्याचाच. योग्य महिन्यात तोडलेली काठी वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे दगडाखाली बुडवून ठेवा. साचलेल्या डबक्यात ठेवली तर भुंगा जातो, पण दुर्गंधी टोपलीला कायमची लागते. मग सावलीत, उभी करून वाळवा. उन्हात टाकली की चिरते. भिजवलेल्या काठीची साल थोडी मळकट होते, तेवढे चालवून घ्यावे.

खुराडे, तट्टा, फर्निचर अशा कामाला बोरॅक्स-बोरिकचे पाणी चालते: १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स, त्यात पट्ट्या तीन-चार दिवस बुडवायच्या. रोवळी, सूप, भाकरीची दुरडी यांना ते वापरू नका. त्यांना जुना मार्ग बरा: शेणाचे सारवण, किंवा कागदाचा लगदा आणि मेथीच्या वाटणाचा लेप, आणि पावसाळाभर चुलीच्या धुराच्या जवळ टांगणे. काळी बुरशी ओलसर टोपल्या एकात एक रचून ठेवल्याने येते. आधी पूर्ण सुकवा, मग रचा. आलेली बुरशी कोरड्या काथ्याने घासून दोन दिवस ऊन दाखवले की जाते, डाग राहतो.

गवे नवे कोंब खाऊन जातात, कधी हत्तीही येतो. (चंदगड)

हत्तीपुढे आमच्याकडे इलाज नाही, आणि कोणी खात्रीचा म्हणून विकत असेल तर घेऊ नका. गवे, रानडुक्कर आणि साळिंदर यांच्यासाठी पहिली तीन वर्षे जून ते सप्टेंबर बेटाभोवती छाटलेल्या कळकाच्या काट्यांचे कुंपण करा. वर काटेरी फांद्या छाटायला सांगितल्या, त्या इथे कामाला येतात. एकदा कोंब माणसाच्या उंचीच्या वर गेला की गवा सहसा सोडून देतो.

स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला परवाना लागतो का?

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे खासगी शेतातल्या बांबूला त्या कायद्याखाली तोडणीचा किंवा वाहतुकीचा पास लागत नाही. तरी जंगलालगतच्या रस्त्यावर गाडी अडवली जाऊ शकते. सातबाऱ्यावर बांबूची पीकनोंद करून घ्या आणि उतारा गाडीत ठेवा. जंगलातल्या बांबूला हे लागू नाही.

आमच्या कळकाच्या बेटाला अचानक भाताच्या लोंब्यांसारखी फुले आली आहेत. बेट आजारी आहे का? (आजरा)

आजारी नाही. कळक साधारण ४०-४५ वर्षांनी एकदाच फुलतो, त्या पट्ट्यातली बहुतेक बेटे मागेपुढे फुलतात, आणि बी पडल्यावर बेट मरते. खत-पाणी घालून ते थांबत नाही. काठ्या वाळून ठिसूळ होण्याआधी तोडून काढा, नंतर त्या फक्त जळण होतात आणि उन्हाळ्यात आगीचे कारण. बेटाखालची जमीन झाडून बी गोळा करा. उंदीर तुमच्या आधी येतील, म्हणून रोज सकाळी झाडावे लागेल. बांबूचे बी फार दिवस टिकत नाही. वाळवून हवाबंद डब्यात ठेवा आणि येत्या जूनलाच गादीवाफ्यावर अर्धा इंच खोल पेरा. आणि काट्यांचा कंटाळा आला असेल तर त्याच जागी माणग्याचे कंद लावायला यापेक्षा चांगली वेळ नाही.